अक्षांश-रेखांशावरून टाइम झोन शोधताना

एखाद्या ठिकाणी आत्ता किती वाजले आहेत, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. पण प्रोग्रॅमकडून त्याचे उत्तर काढायचे असेल तर त्याचे दोन तुकडे करावे लागतात. पहिला तुकडा भूगोलाचा: हे ठिकाण कोणत्या टाइम झोनमध्ये येते? दुसरा दिनदर्शिकेचा: त्या झोनमधले घड्याळ अमुक क्षणी यूटीसीच्या, म्हणजे जागतिक संदर्भवेळेच्या, किती पुढे किंवा मागे असते? ठिकाणावरून टाइम झोन सांगणाऱ्या वेबसेवा ही दोन्ही उत्तरे एकाच प्रतिसादात देतात आणि नेमकी तिथेच गफलत होते, कारण पहिले उत्तर सहसा वर्षानुवर्षे टिकते, तर दुसरे फक्त विचारलेल्या क्षणापुरते खरे असते.

रेखांशाला १५ ने भागून तास काढता येतील, मग सेवेची गरज काय, असे सुरुवातीला वाटू शकते. समुद्रावर हा हिशेब चालतो. जमिनीवर चालत नाही, कारण तिथल्या सीमा सरकारे ठरवतात. चीनची अधिकृत वेळ देशभर एकच, यूटीसीच्या ८ तास पुढे आहे. नेपाळचे घड्याळ ५ तास ४५ मिनिटे पुढे असते. किरिबातीची लाइन बेटे तर तब्बल १४ तास पुढे आहेत. म्हणून सेवेकडे जगाच्या नकाशावर आखलेले झोनचे बहुभुज असतात आणि आपला बिंदू त्यांपैकी कशात पडतो, एवढेच ती तपासते.

या कामासाठी गूगलचे टाइम झोन एपीआय, जिओनेम्स आणि टाइमझोनडीबी या सेवा परिचित आहेत. गूगलसाठी बिलिंग सुरू असलेला प्रकल्प आणि एपीआय की, म्हणजे सेवेने आपल्याला ओळखण्याचा गुप्त संकेत, लागते. जिओनेम्ससाठी मोफत खाते उघडून त्याचे वापरकर्तानाव विनंतीत द्यावे लागते; मात्र खाते उघडल्यावर त्याच्या पानावर जाऊन वेबसेवांची परवानगी वेगळी सुरू करावी लागते, आणि ही पायरी विसरल्यामुळे आपलाच कोड चुकला असे समजून तासभर डोके खाजवणारे पुष्कळ जण असतात. की कोणतीही असो, ती ब्राउझरमध्ये जाणाऱ्या कोडमध्ये ठेवू नये. विनंती आपल्या सर्व्हरवरून पाठवावी.

आता प्रत्यक्ष विनंतीकडे वळू. गूगलच्या सेवेला तीन गोष्टी लागतात: 'लोकेशन', 'टाइमस्टॅम्प' आणि 'की'. न्यूयॉर्कसाठी लोकेशन ४०.७१२८, -७४.००६० असे लिहावे, म्हणजे आधी अक्षांश आणि मग रेखांश. नकाशावरील ठिकाणे साठवणाऱ्या जिओजेसन फाइलमध्ये हाच क्रम उलटा असतो, त्यामुळे तिथून आकडे जसेच्या तसे उचलले तर आपला बिंदू अंटार्क्टिकाच्या बर्फावर जाऊन पडतो. दोन्ही आकडे वैध असल्यामुळे विनंती चुकीची ठरत नाही, आणि म्हणून ही चूक लवकर सापडतही नाही. टाइमस्टॅम्प म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. जावास्क्रिप्ट सध्याची वेळ मिलिसेकंदांत देते. तिला १००० ने भागायचे राहिले तर आपण इसवी सन ५७,००० च्या पुढचा एखादा क्षण विचारत असतो.

एकच ठिकाण दोन वेगवेगळ्या क्षणांसाठी विचारून पाहिले की प्रतिसादाचा अर्थ चांगला उलगडतो. १७३५६८९६०० हा टाइमस्टॅम्प, म्हणजे १ जानेवारी २०२५ ची यूटीसी मध्यरात्र, न्यूयॉर्कसाठी दिला तर प्रतिसादात 'रॉऑफसेट' -१८००० आणि 'डीएसटीऑफसेट' ० येतो. १७५१३२८०००, म्हणजे १ जुलै २०२५ ची यूटीसी मध्यरात्र, दिला तर रॉऑफसेट तोच राहतो, पण डीएसटीऑफसेट ३६०० होतो. पहिला आकडा प्रमाणवेळेचा फरक सांगतो आणि दुसरा उन्हाळी वेळेची भर, म्हणजे काही देश उन्हाळ्यापुरते घड्याळ जेवढे पुढे करतात तेवढी. दोन्ही सेकंदांत असतात. स्थानिक वेळ हवी असेल तर टाइमस्टॅम्पमध्ये या दोन्हींची बेरीज मिळवावी. पहिल्या विनंतीत ३१ डिसेंबरचे संध्याकाळचे ७ वाजलेले दिसतात, दुसरीत ३० जूनचे रात्रीचे ८. 'टाइमझोनआयडी' मात्र दोन्ही वेळा 'अमेरिका/न्यूयॉर्क' हाच येतो, आणि जपून ठेवायची गोष्ट तीच आहे.

मी एकदा हे उलटे केले होते. भेटींच्या आठवणी पाठवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये झोनच्या नावाऐवजी फरकाचा आकडा साठवला होता आणि संपूर्ण हिवाळा सारे काही सुरळीत चालले. मग मार्च आला. अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात आणि युरोपातील शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातील एरवीचा ५ तासांचा फरक ४ तासांवर येतो. माझ्या आठवणी जुन्याच हिशेबाने जात राहिल्या आणि लोक भेटीला तासभर चुकत राहिले.

एका सेवेवरून दुसऱ्या सेवेवर जाताना रकान्यांची सारखी नावे पाहून निर्धास्त होऊ नये. जिओनेम्सच्या प्रतिसादातही रॉऑफसेट आणि डीएसटीऑफसेट असतात, पण ते तासांत असतात आणि तिथला डीएसटीऑफसेट म्हणजे नुसती भर नसून १ जुलैचा एकूण फरक असतो. न्यूयॉर्कसाठी तिथे -५ आणि -४ येतात. गूगलच्या सवयीने त्यांची बेरीज केली तर -९ निघते, म्हणजे घड्याळ थेट अलास्काच्या प्रमाणवेळेवर जाते. शिवाय काठमांडूचा फरक तिथे ५.७५ असा दशांशात येतो. डेटाबेसमधला रकाना पूर्णांकाचा असेल तर ४५ मिनिटे गुपचूप गळून पडतात.

प्रतिसाद वापरण्यापूर्वी त्यातील 'स्टेटस' हा रकाना पाहण्याची सवय असावी. गूगलकडून 'झीरो रिझल्ट्स' आले तर बहुधा बिंदू समुद्रात आहे. अशा वेळी रेखांशाला १५ ने भागून जवळचा पूर्णांक घेण्याची सागरी पद्धत वापरता येते. इथे एक चकवा आहे: 'ईटीसी/जीएमटी+५' अशा नावांमधील चिन्ह उलटे असते, म्हणजे ते घड्याळ यूटीसीच्या ५ तास मागे असते. 'रिक्वेस्ट डिनाइड' आल्यास की आणि परवानग्या तपासाव्यात. 'ओव्हर क्वेरी लिमिट' आल्यास तीच विनंती लगेच पुन्हा पाठवू नये. थोडे थांबून, दर खेपेस अंतर वाढवत पाठवावी.

भविष्यातील स्थानिक वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. वापरकर्ता 'तिथल्या सकाळी ९ वाजता' असे सांगतो, पण सेवेला टाइमस्टॅम्प हवा असतो, आणि फरक ठाऊक असल्याशिवाय टाइमस्टॅम्प काढता येत नाही. म्हणून माझ्या मते सेवेकडून फक्त झोनचे नाव घ्यावे आणि वेळेचे रूपांतर आपल्या भाषेतील लायब्ररीकडे सोपवावे; पायथॉनमध्ये ३.९ या आवृत्तीपासून 'झोनइन्फो' त्यासाठीच आहे. या लायब्ररी आयाना या इंटरनेटची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या टाइम झोन डेटाबेसवर चालतात, आणि तो अद्ययावत ठेवणे ही आपली जबाबदारी राहते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारने घड्याळे पुढे करण्याची तारीख अगदी ऐन वेळी लांबणीवर टाकली आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. असे बदल गृहीत धरून स्थानिक वेळ आणि झोनचे नाव हीच मूळ नोंद ठेवावी आणि यूटीसी वेळ गरजेनुसार पुन्हा काढावी. न्यूयॉर्कमध्ये २ नोव्हेंबर २०२५ रोजी मध्यरात्रीनंतरचे दीड दोनदा वाजतात आणि ९ मार्च २०२५ रोजी पहाटेचे अडीच वाजतच नाहीत. यांपैकी कोणती वेळ धरायची हा निर्णय लायब्ररीच्या मर्जीवर न सोडता स्वतः लिहून ठेवावा.

नावांची तुलना करतानाही जरा बेताने घ्यावे. 'एशिया/कलकत्ता' आणि 'एशिया/कोलकाता' हा एकच झोन आहे, पण काही प्रणाली अजून जुनेच नाव परत करतात. 'सीएसटी' किंवा 'आयएसटी' यांसारखी संक्षिप्त रूपे तर साठवूच नयेत. आयएसटी भारताचीही आहे, आयर्लंडचीही आणि इस्राएलचीही. केवळ समोरच्या वापरकर्त्याचाच झोन हवा असेल तर वेबसेवेची गरजच नाही, कारण ब्राउझर तो 'इंटल' या अंगभूत सोयीतून स्वतःच सांगतो.

सारे जोडून झाल्यावर चाचणीसाठी पाच बिंदू पुरेसे आहेत. काठमांडूसाठी रॉऑफसेट २०७०० यावा. फिनिक्ससाठी जुलैमध्ये भर शून्य असावी, तर त्याच ॲरिझोनातील नॅव्हाहो नेशनच्या विंडो रॉकसाठी ३६०० असावी. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटासाठी जानेवारीत भर १८०० यावी, कारण तिथे घड्याळ अर्धाच तास पुढे सरकते. शेवटचा बिंदू सामोआतील आपियाचा: २९ डिसेंबर २०११ ची मध्यरात्र उलटताच तिथे थेट ३१ डिसेंबर सुरू झाला, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंचे क्षण लायब्ररीला विचारले तर फरकात २४ तासांची उडी दिसायला हवी; गूगलची सेवा मात्र झोनमधले जुने बदल धरत नाही. ही उत्तरे चाचणीच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवावीत आणि सेवा किंवा लायब्ररीची आवृत्ती बदलली की पुन्हा चालवून पाहावीत.