कधी गळतं, कधी नाही : स्पोर्ट्स कारच्या पॉवर स्टिअरिंग ऑइलची गळती शोधताना या चुका टाळा

चार दिवस गाडीखालची फरशी कोरडी, पाचव्या दिवशी बशीएवढा तांबडा डाग. मग पुन्हा आठवडाभर काहीच नाही. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की नेमकी तिथे गळत नाही, आणि अंदाजाने भाग बदलायला सुरुवात होते. आधी पंप, मग पाइप, शेवटी अख्खी रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी दांडी आणि तिचं घर. डाग मात्र पडतच राहतो.

अधूनमधून होणारी गळती लहरी नसते. दाब, तापमान, इंजिन चालू की बंद, गाडी सपाटीवर की उतारावर, यातली ठराविक अट जुळली की ऑइल बाहेर येतं. म्हणून ‘कुठून’ गळतंय याआधी ‘केव्हा’ गळतंय ते शोधायचं. बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

डाग पाहणं आणि लेव्हल न पाहणं

स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते आणि तिच्या पोटाखाली सपाट अंडरट्रे असतो. गळलेलं ऑइल आधी त्यात साचतं. चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, ब्रेक मारला की पुढे येतं, आणि उतारावर गाडी लावली की भलत्याच कोपऱ्यातून टपकतं. डागाच्या बरोबर वर दोषी भाग असेल, हे गृहीतच सोडून द्या.

माझ्या जुन्या दोन आसनी गाडीचं असंच झालं होतं. डाग दहा-बारा दिवसांतून एकदा पडायचा, आणि रॅक गेली असं मला ठामपणे सांगण्यात आलं. मग तीन आठवडे मी रोज सकाळी, थंड इंजिनवर, सपाट जागी स्टिअरिंग ऑइलच्या टाकीतली लेव्हल वहीत लिहिली. ती रोज थोडी थोडी उतरत होती. म्हणजे गळती रोजची होती, अधूनमधून पडत होता तो फक्त डाग. गाडी नाक खाली करून लावली की ट्रेमधलं साठलेलं ऑइल सांडायचं, इतकंच. ट्रे काढून गाडी दोन रात्री पुठ्ठ्यावर उभी केली आणि ओला सांधा सापडला. रॅकला हात लावायची गरजच पडली नाही.

ऑइल कोणतं हे न ओळखणं

आधी गाडीत हे ऑइल आहे का ते पाहा. २०११ साली आलेल्या पोर्शे ९११ च्या ९९१ पिढीत आणि २०१५ पासूनच्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये स्टिअरिंगला विजेची मदत आहे, तिथे गळायला ऑइलच नाही. टोयोटा एमआर२ च्या दुसऱ्या पिढीत इंजिन मागे, पण स्टिअरिंगचा विजेवर चालणारा ऑइलचा पंप पुढे असतो, म्हणजे तिथे ऑइल आहे आणि शोध पुढे घ्यायचा.

तांबडा डाग एटीएफचा (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) असू शकतो, पण एटीएफ ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही असतं. हिरवट असेल तर सीएचएफ ११एस सारखं खास हायड्रॉलिक ऑइल असण्याची शक्यता. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीत काही गाड्यांना एटीएफ लागतं तर काहींना सीएचएफ, आणि कोणतं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ते न वाचता हाताला येईल ते ऑइल ओतलं तर सील फुगतात किंवा आकसतात, आणि एका गळतीच्या दोन होतात.

‘कुंईं’ आवाज आला की पंप बदलणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये इंजिन चालू असताना ओढ असते. तिथली ओ-रिंग किंवा क्लॅम्प सैल असेल तर त्या वेळी ऑइल बाहेर पडत नाही, उलट हवा आत शिरते. ऑइलला फेस येतो, पंप कण्हायला लागतो, फेसामुळे लेव्हल फुगून झाकणातून ओघळते. इंजिन बंद केलं की तोच सांधा हळूहळू पाझरतो. एकाच छोट्या रबरी कडीमुळे तीन वेगवेगळ्या तक्रारी उभ्या राहतात, आणि पंप, झाकण, टाकी असं एकेक बदललं जातं.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून टाकीत टॉर्च मारा. ऑइल दुधट किंवा बुडबुड्यांचं दिसलं, आणि इंजिन बंद करताच लेव्हल झटकन वर चढली, तर आत हवा आहे. आधी ओढीच्या बाजूचे सांधे पाहा. पंपाचं शाफ्ट सील खरोखर गेलं असेल तर खूण वेगळी असते: पुलीच्या मागे ओलं, आणि पुली ज्या पातळीत फिरते तिथे आजूबाजूला उडालेल्या ऑइलचा पट्टा.

उभ्या गाडीत, स्टिअरिंग सरळ ठेवून शोधणं

स्टिअरिंग सरळ असताना दाब थोडाच असतो. फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवल्यावर, तोच दाब जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चढतो, अनेक गाड्यांत ८० ते १२० बारच्या आसपास. पार्किंग करतानाच गळत असेल तर दाबाच्या पाइपचं क्रिम्प (रबर आणि धातू जिथे दाबून जोडलेले असतात तो सांधा), बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) वॉशर, रॅकच्या व्हॉल्व्हचं सील हे संशयित. काही गाड्यांत पाइपवर प्रेशर स्विच असतो. तो आतून फुटला की ऑइल कनेक्टरमधून वायरीवर उतरतं.

मदतनीसाला स्टिअरिंग लॉकपर्यंत फिरवायला सांगा, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू देऊ नका, पंप तापतो. आणि दाबाच्या पाइपवरून बोट फिरवून ओल शोधू नका. सुईएवढ्या भोकातून येणारी धार कातडी भेदून आत जाते, ती जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा. ऑइल गरम एक्झॉस्टवर पडत असेल, जळका वास येत असेल, तर गाडी चालवूच नका. हे ऑइल पेटतं.

फक्त थंड सकाळी गळत असेल तर कडक झालेलं रबर समजा. गाडी तापली की ते थोडं फुगून स्वतःच फट बुजवतं.

रॅकचे बूट बाहेरून पुसून सोडून देणं

रॅकच्या टोकाचं सील पाझरलं की ऑइल आधी बुटात, म्हणजे टोकावरच्या घड्यांच्या रबरी आवरणात, साठतं. बूट बाहेरून कोरडा दिसतो. मग एके दिवशी पूर्ण वळण घेताना तो दाबला जातो आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. बूट हलकेच दाबून पाहा, आत काही डुचमळतंय का? खात्रीसाठी आतल्या बाजूचा क्लॅम्प सोडा. थोडंसं ग्रीस असणं स्वाभाविक आहे, पण ऑइल ओघळलं तर सील गेलं. काही रॅकमध्ये दोन्ही बूट हवा ये-जा करणाऱ्या नळीने जोडलेले असतात, तेव्हा ऑइल डावीकडे दिसलं म्हणून दोष डावीकडेच असेल असं नाही.

ट्रॅकवर जाताना टाकी काठोकाठ भरणं

सतत चढ्या आरपीएमवर पंप ऑइल खूप तापवतो, तापलेलं ऑइल फुगतं आणि झाकणातून उसळतं. निसान ३५०झेड ट्रॅकवर नेणारे अनेकजण म्हणूनच स्टिअरिंगला वेगळा कूलर बसवतात. थंड इंजिनवर भरताना थंडची खूणच धरा.

न धुता डाय टाकणं

यूव्ही डाय, म्हणजे ऑइलमध्ये मिसळायचा आणि अतिनील दिव्यात चमकणारा रंग, उत्तम, पण आधी जुना चिकटा पूर्ण साफ हवा. आल्टरनेटर झाकून घ्या, धुवा, वाळवा, मग डाय. त्याच संध्याकाळी दिवा घेऊन बघू नका. ज्या परिस्थितीत गळतं ती येऊन जाऊ द्या. मग सगळ्यात उंच आणि सगळ्यात पुढचा चमकणारा ठिपका शोधा, खालचे सगळे त्याचेच ओघळ असतात. गळती थांबवणारं बाटलीतलं औषध मात्र निदान होईपर्यंत अजिबात नको. ते सील तात्पुरतं फुगवतं आणि तुमचा पुरावाच पुसून टाकतं.

दुरुस्तीत बँजो बोल्टचे वॉशर नवेच घाला. परतीच्या पाइपवर स्क्रूचा क्लॅम्प चालतो, दाबाच्या पाइपवर कधीही नाही. हवा काढताना पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा, लेव्हल पाहत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करा.

अंडरट्रे लगेच परत लावू नका. वहीत ज्या वेळी गळत होतं असं लिहिलंय, थंड सकाळ असेल तर थंड सकाळी, उतार असेल तर उतारावर, तिथेच गाडीखाली नवा पुठ्ठा घालून दोन आठवडे पाहा.