टायटलला बूस्ट वाढवूनही सर्च गंडतोय? आधी एक्सप्लेन वाचा

इलास्टिकसर्चवर (सर्च इंजिनचं सॉफ्टवेअर) पुस्तकांच्या दुकानाचा सर्च धरा, फील्ड तीनच: नाव, लेखक, वर्णन. बहुतेक जण पहिल्याच दिवशी नावाला ^३, लेखकाला ^२ असा बूस्ट (फील्डचं वजन) ठोकून मोकळे होतात (मीपण तेच केलेलं) आणि मग ३ चे ५, ५ चे १० करत बसतात. बूस्ट म्हणजे टक्केवारी नाही हो, त्या फील्डच्या स्कोअरला नुसता गुणाकार आहे, आणि मुळात तिन्ही फील्डचे स्कोअर एका मापात नसतातच.

कारण बीएम२५ मध्ये (स्कोअर काढायचं डिफॉल्ट सूत्र) शब्द किती दुर्मिळ आहे हे फील्डनुसार वेगळं मोजतात. 'कुलकर्णी' लेखकांमध्ये ढिगाने, पण पुस्तकांच्या नावात एखाद-दुसराच, म्हणून तिथे तो भलताच भाव खातो आणि लेखक शोधणाऱ्याला वरती वेगळंच पुस्तक दिसतं. आता नावाला अजून बूस्ट दिला तर काय होणार, बघाच.

म्हणून क्वेरीत एक्सप्लेन ट्रू करा (स्कोअर कसा आला ते फोडून दाखवतं) आणि चुकून वर आलेला रिझल्ट नि खाली गेलेला रिझल्ट शेजारी ठेवून आकडे वाचा, कंटाळवाणं आहे पण उत्तर तिथेच सापडतं. डेटा थोडा असेल तर टेस्टपुरतं डीएफएस क्वेरी देन फेच लावा (सगळ्या शार्डचे आकडे एकत्र मोजतं), नाहीतर शार्डगणिक, म्हणजे इंडेक्सच्या तुकड्यागणिक, आकडे बदलतात.

मग मल्टी मॅचचा, म्हणजे अनेक फील्डमध्ये एकदम शोधणाऱ्या क्वेरीचा, टाइप. डिफॉल्ट बेस्ट फील्ड्स, म्हणजे ज्या फील्डचा स्कोअर जास्त तोच धरणार, बाकीच्यांना शून्य. टाय ब्रेकर ०.३ दिला की त्यांचाही थोडा वाटा येतो. पण कोणी 'कुलकर्णी पाककृती' टाकलं आणि ऑपरेटर अँड (सगळे शब्द सापडलेच पाहिजेत) असेल तर रिझल्टच नाही, कारण दोन्ही शब्द एकाच फील्डमध्ये शोधले जातात! तिथे क्रॉस फील्ड्स, किंवा ७.१३ पासून आलेलं कम्बाइन्ड फील्ड्स घ्या, ते सगळ्या फील्डना एकच समजून मोजतं, फक्त अ‍ॅनालायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) सगळीकडे सारखा हवा आणि बूस्ट १ च्या खाली चालत नाही.

अजून एक, लांब फील्डला स्कोअर कमी मिळतो (बीएम२५ मधला 'बी' हा आकडा ते ठरवतो, डिफॉल्ट ०.७५), त्यामुळे तीन लेखकांचं पुस्तक उगाच मागे पडतं, लेखक फील्डला बी शून्य करून बघा.

मराठीसाठी तयार अ‍ॅनालायझर नाहीये, 'पुस्तकांचं' आणि 'पुस्तक' जुळत नसेल तर तो घोळ बूस्टने सुटणार नाही.

प्रत्येक बदलानंतर लॉगमधल्या ३०-४० खऱ्या क्वेऱ्या रँक इव्हॅलवर (रिझल्टचा क्रम तपासणारी इलास्टिकसर्चची सोय) चालवा, एकच क्वेरी बघून खूश होऊन डिप्लॉय करू नका.