या चुका टाळा: उंच, सडपातळ नवख्या बॉक्सरसाठी

सहा फूट उंची, पासष्ट किलो वजन आणि लांबलचक हात. असा मुलगा किंवा मुलगी बॉक्सिंग शिकायला आली की कोच मनातल्या मनात खूश होतात. पण स्पारिंग (जोडीदारासोबतची सरावाची लढत) सुरू झालं की पहिल्या महिन्यात हीच मंडळी आपल्यापेक्षा अर्धा फूट बुटक्या, गट्ट्या जोडीदाराकडून मार खातात. हात लांब असले, तरी समोरच्याला त्या हातांच्या टोकाशी अडवून ठेवायचं काम पायांचं असतं, आणि नवख्याचे पाय ते करत नाहीत. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

खांबासारखं ताठ उभं राहणं

उंच माणूस ताठ उभा राहतो, गुडघे सरळ ठेवतो आणि पाय जवळ घेतो. मग गुरुत्वमध्य वर जातो आणि पोटावरच्या साध्या ठोशानेही तोल जातो.

पाय खांद्यांपेक्षा किंचित जास्त अंतरावर ठेवा. मागची टाच दोन बोटं उचललेली हवी. पुढच्या पावलाची टाच आणि मागच्या पावलाची बोटं एका रेषेत येऊ देऊ नका, दोन्हींत वीतभर आडवं अंतर राहू द्या. गुडघे इतके वाकवा की उभ्या उंचीतून आठ-दहा सेंटिमीटर कमी होतील.

स्टान्स (उभं राहण्याची ही ठेवण) बरोबर आहे का, हे जोडीदाराला ढकलायला सांगून कळतं. त्याने छातीवर तळहाताने ढकललं आणि तुम्ही मागे कोलमडलात, तर पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर कमी आहे. खांद्यावर बाजूने ढकलल्यावर तोल गेला, तर दोन्ही पाय एका रेषेत आहेत. कराटे किंवा तायक्वांदो करून आलेल्यांचा दुसरा दोष हमखास असतो आणि तो सुटायला महिना-दोन महिने लागतात.

हनुवटीचंही बघा. समोरचा बुटका असला की नजर खाली जाते, पण ठोसा येताना दिसला की मान मागे जाते आणि हनुवटी वर येते. टेनिसचा चेंडू हनुवटी आणि छाती यांच्यात धरून दोन मिनिटांचे तीन राउंड शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव) करा. ज्या हालचालीला चेंडू पडतो, त्या हालचालीला तुमची हनुवटी उघडी पडते. बहुतेकांचा तो उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना पडतो.

जॅब आहे, पण परत येत नाही

उंच बॉक्सरचं पोट जॅबवर (पुढच्या, डाव्या हाताच्या सरळ ठोशावर) चालतं, म्हणून इथे जास्त वेळ द्या. बिघाड चार प्रकारचे दिसतात.

पहिला: हात सरळ जातो, पण परतताना कंबरेकडे घसरतो. लांब हाताचा परतीचा प्रवासही लांब असतो, खांदा दमतो आणि गुरुत्वाकर्षण बाकीचं काम करतं. तेवढ्या वेळात समोरच्याचा उजवा हात तुमच्या जॅबवरून येऊन गालावर बसतो. यावर उपाय म्हणजे दोरी. पंचिंग बॅगेपासून तुमच्या दिशेने, तुमच्या हनुवटीच्या किंचित खालच्या उंचीवर एक सुतळी आडवी ताणून बांधा. मूठ सुतळीच्या वरून जाईल आणि वरूनच परत येईल. परतताना सुतळीला हात लागला की कोणी सांगायची गरज उरत नाही.

दुसरा: कोपर बाहेर निघतं. ठोसा निघण्याआधीच समोरच्याला कळतं आणि मनगटही मुरगळतं. डावा खांदा भिंतीपासून चार बोटांवर ठेवून उभे राहा आणि हळू जॅब मारा. कोपर भिंतीला घासलं तर ते बाहेर निघतंय. (डावखुऱ्यांनी या लेखातल्या स्वतःच्या हातापायांच्या बाजू उलट घ्याव्यात.)

तिसरा: फक्त हात पुढे जातो, पाय जागच्या जागी. असा जॅब पोचतो, पण लागत नाही. पुढचं पाऊल दहा-पंधरा सेंटिमीटरच सरकवायचं, आणि ते टेकण्याच्या क्षणीच मूठ लागली पाहिजे. मोठं पाऊल टाकलं की डोकंही पुढे जातं आणि मिळवलेलं अंतर तुम्ही स्वतःच देऊन टाकता.

चौथा बिघाड व्यावसायिक लढतींचे व्हिडिओ बघून येतो: डावा हात पुढे ताणून समोरच्याच्या तोंडासमोर धरून ठेवणं. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याची नजर झाकण्यासाठी पुढचा हात ताणून ठेवणं हा फाऊल आहे. उघड्या ग्लोव्हने ढकलणं, चापट मारणं हेही फाऊल. गुण फक्त मुठीच्या पुढच्या, बोटांच्या गाठींच्या भागाने, डोक्याच्या पुढून किंवा बाजूने अथवा पट्ट्याच्या वर शरीरावर मारलेल्या ठोशाला. म्हणजे हात सतत ये-जा करत राहिला पाहिजे.

आणि एकच जॅब मारून बघत बसू नका. पहिला जॅब समोरच्याचा हात हलवतो, दुसरा लागतो. आठवड्यातून दोन दिवस बॅगेवरचे पहिले दोन राउंड फक्त दुहेरी आणि तिहेरी जॅबचे ठेवा.

चुकीच्या अंतरावर उभं राहणं

बॅगेजवळ उभे राहून हात पूर्ण ताणा. मूठ बॅगेला जेमतेम टेकेल अशा जागी या, आणि मग अर्धं पाऊल मागे सरका. उंच बॉक्सरने उभं राहायची जागा ही. इथून समोरच्याला तुम्हाला मारायला दोन पावलं लागतील, तुम्हाला एक छोटं पाऊल पुरेल. नवखे या जागेऐवजी थेट मूठ टेकते तिथे उभे राहतात आणि प्रत्येक ठोसा वाकलेल्या कोपराने मारतात. बॅगेला काय, ती उलट मारत नाही, म्हणून महिनोन्महिने चूक लक्षात येत नाही.

अंतर सोडून दिल्यावर काय होतं, हे पाहायचं तर १५ एप्रिल १९८५ ची लास व्हेगासची लढत बघा. सहा फूट एक इंच उंचीचा, लांब हातांचा थॉमस हर्न्स मार्व्हिन हॅगलरसमोर पहिल्या मिनिटापासून जवळून ठोशाला ठोसा देत राहिला. पहिल्याच राउंडमध्ये त्याचा उजवा हात मोडला आणि तिसऱ्या राउंडमध्ये तो हरला. रोमांचक म्हणून ती गाजली. नवख्याने तिच्यातून काय करू नये, तेवढंच घ्यावं.

सरळ मागे पळणं आणि कंबरेतून मागे झुकणं

दबाव आला की उंच माणूस मागे झुकतो. पहिला ठोसा चुकतो, म्हणून ती सवय लागते. पण झुकल्यावर वजन मागच्या टाचेवर जातं, हात खाली येतात आणि उलट ठोसा मारताच येत नाही. दुसरा ठोसा छातीवर, तिसरा हनुवटीवर. नाही तर सरळ मागे पळताना पाठीला रिंगचे दोर लागतात, आणि तिथे तुमची उंची शून्य.

नियम ठेवा: सरळ मागे जास्तीत जास्त दोन पावलं, तिसरं बाजूला. शिकायला सगळ्यात सोपं वळण म्हणजे पुढच्या डाव्या पावलाच्या चवड्यावर वजन घेऊन मागचा उजवा पाय डावीकडे गोल फिरवायचा. समोरचा धावत आलेला असतो, तो तुमच्या बाजूने पुढे निघून जातो आणि तुम्ही त्याच्या कुशीकडे तोंड करून उभे असता. फिरताना हात खाली सोडायचे नाहीत, आणि वळण पूर्ण झालं की लगेच जॅब. फरशीवर खडूने दोन मीटर व्यासाचं वर्तुळ आखा, जोडीदाराला फक्त चालत अंगावर यायला सांगा, आणि वर्तुळाच्या बाहेर न जाता दोन मिनिटं टिका. ठोसे नकोत. हा व्यायाम बघायला कंटाळवाणा आहे, पण स्पारिंगमधला निम्मा मार यातूनच कमी होतो.

तो आत आलाच, तर

उंच माणसाचं धड लांब असतं आणि सडपातळ माणसाच्या बरगड्यांवर मांसाचं आवरण कमी. गट्टा प्रतिस्पर्धी म्हणूनच पोटावर मारतो. उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांआड यकृत असतं. तिथे नेमका डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) लागला तर माणूस शुद्धीत असूनही गुडघ्यावर बसतो.

इथे होणारी चूक म्हणजे पोट वाचवायला ग्लोव्ह खाली नेणं. मग डोकं उघडं पडतं, आणि समोरच्याला तेच हवं असतं. हात गालाशीच राहू दे. गुडघे वाकवून आणि धड किंचित आकसून कोपर बरगड्यांपर्यंत आणा.

बुटक्याला मारताना वरून खाली ठोसा मारण्याचीही हीच गत. पाठ वाकवून खाली मारलं की चेहरा पुढे जातो. गुडघ्यातून खाली बसा, खांदा त्याच्या छातीच्या पातळीला आणा आणि पोटावर सरळ जॅब मारा. वाकून आत येणाऱ्यावर अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) चालतो, पण तो कोपर अंगाजवळ ठेवून आखूड मारा. लांब हाताचा मोठा अपरकट पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

त्याला कवटाळून धरणं किंवा मानेवर भार टाकणं टाळा. धरणं हा फाऊल आहे. रेफरी आधी समज देतो, मग वॉर्निंग, आणि वॉर्निंगला गुण जातो. उलट समोरचा तुमच्या पट्ट्याच्या खाली डोकं घालून आत घुसत असेल, तर तो त्याचा फाऊल असतो. तुम्ही धरलंत, तर रेफरीची नजर तुमच्याकडे वळते.

सरावाची बॅगही याला जबाबदार असते. सगळे ठोसे स्वतःच्या हनुवटीच्या उंचीवर मारले जातात, कारण बॅगेला उंची नसते. बॅगेवर फरशीपासून १.४ मीटरवर आणि १.०५ मीटरवर रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. पाच फूट सात-आठ इंचाचा माणूस स्टान्समध्ये उभा असताना त्याची हनुवटी आणि पोटाची वरची कड साधारण तिथे येते.

वजन मारून खालच्या वजनगटात उतरणं

सहा फूट उंचीचा पासष्ट किलोचा मुलगा पहिल्या जिल्हा स्पर्धेसाठी वजन मारायला बघतो, कारण खालच्या गटात आपण सगळ्यांपेक्षा उंच दिसू असा हिशेब असतो. आधीच चरबी नाही, म्हणून तो पाणी आणि जेवण तोडतो. अशा अंगाने तीन मिनिटांचे तीन राउंड निभत नाहीत, दुसऱ्याच राउंडला पाय जड होतात. पाणी तोडून वजन उतरवणं नवख्यासाठी धोक्याचंही आहे.

पहिलं वर्ष वजन मारू नका, वाढवा. भारतीय बॉक्सर लवलीना बोर्गोहेनने टोकियो ऑलिंपिकमध्ये ६९ किलोत कांस्य जिंकलं. पॅरिस ऑलिंपिकच्या वजनगटांमध्ये ६९ नव्हतं, म्हणून ती ७५ किलोत गेली आणि २०२३ मध्ये त्या गटात जागतिक विजेती झाली. उंच अंगाला वर जायला जागा असते.

महिन्याला किलोभर वाढ पुरेशी. प्रथिनं रोज शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पासष्ट किलोला साधारण १०५ ग्रॅम. चार अंडी (२४ ग्रॅम), अर्धा लिटर दूध (१६), शंभर ग्रॅम पनीर (१८), पन्नास ग्रॅम सुके सोयाचंक्स (२६) आणि दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ यात हिशेब जुळतो. पोळी-भात कमी करू नका. बारीक राहणाऱ्याचं खरं दुखणं बहुतेकदा एकूण कमी खाणं हेच असतं. आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट, पुलअप, रोइंग आणि प्लँक. मानेचा हलका व्यायाम जोडा, लांब बारीक मानेला त्याची गरज जास्त असते.

सामानातल्या छोट्या चुका

बारीक मनगटाला आखूड हँडरॅप (ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी) पुरत नाही. ४.५ मीटरचा घ्या, मनगटाला तीन वेढे, गाठींना तीन, बोटांमधून काढून शेवट पुन्हा मनगटावर. मूठ मिटल्यावर घट्ट आणि उघडल्यावर सैल वाटलं पाहिजे. बॅगेला १२ औंसचे ग्लोव्ह चालतात, स्पारिंगला १४ किंवा १६ चे, जो क्लबचा नियम असेल तो. पावसाळ्यात ग्लोव्ह पिशवीत कोंबून ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून उघड्यावर ठेवा, नाही तर जोडीदारच तक्रार करेल.

स्किपिंगची दोरी उंचीपेक्षा सुमारे ९० सेंटिमीटर लांब हवी. आखूड दोरीने पाठ वाकते आणि उडी उंच जाते. काँक्रीटवर अशा उड्या मारल्या की पंधरवड्यात नडगी दुखायला लागते. दुखली तर मॅटवर या आणि वेळ निम्मा करा, त्यातून पळत राहू नका.

स्पारिंगची घाई

दोन-तीन महिने पाया पक्का होईपर्यंत थांबा. माउथगार्ड, हेडगार्ड आणि गार्डकपशिवाय (जांघेचं संरक्षण करणाऱ्या कपाशिवाय) आत उतरू नका. पहिली काही स्पारिंग ठरवून करा: तुम्ही फक्त जॅब, जोडीदार फक्त शरीरावर, दोन मिनिटांचे तीन राउंड, अर्ध्या जोराने. उंच म्हणून कोणी थेट मोठ्या वजनाच्या जोडीदारासमोर उभं करत असेल, तर सरळ नकार द्या. जोडी उंचीवर नाही, वजनावर आणि अनुभवावर लावतात. डोक्याला फटका बसून डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली किंवा काही क्षण काय झालं ते आठवेना, तर त्या दिवशी सगळं बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा स्पारिंगला उतरायचं नाही.