कानाच्या आतलं यंत्र बसवण्याआधी

माझ्या उजव्या कानात इस्टीम आहे, म्हणजे ऑपरेशन करून पूर्णपणे आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र. न्यू जर्सीच्या थंडीत कानटोपी घातली तरी साध्या श्रवणयंत्रासारखी शिट्टी वाजत नाही. बाहेरून काही दिसत नसल्यामुळे ओळखीचे विचारतात, "आम्हीही बसवून घेऊ का?" घाई नको, आधी एवढं करा.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, घेऊन बसा. हे यंत्र नसेच्या मध्यम ते तीव्र बहिरेपणासाठी आहे. अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली ती प्रौढांसाठी. पडदा आणि मधल्या कानातली हाडं धड लागतात, कारण यात मायक्रोफोन नसतोच. आवाजाने पडदा हलतो, त्याबरोबर हातोडा आणि ऐरण ही दोन हाडं, आणि ऐरणीला टेकवलेला सेन्सर ती थरथर टिपतो. कानामागच्या हाडात बसवलेला प्रोसेसर ती वाढवतो, मग यंत्राची दुसरी कांडी रिकिबीला, म्हणजे तिसऱ्या हाडाला, हलवते. कान वाहत असेल तर आधी तो बरा करा.

डॉक्टरांना सरळ विचारा, ऐरणीचा किती भाग कापणार? वाढवलेला आवाज फिरून सेन्सरकडे येऊ नये म्हणून तिचा छोटा तुकडा काढतात. म्हणजे यंत्र बंद असलं की तो कान पूर्वीपेक्षाही कमी ऐकतो. मला हे सही करायच्या आदल्या दिवशी कळलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्ही महिनाभर आधी विचारा. चेहऱ्याची आणि चवीची नस तिथूनच जाते. माझी जीभ उजवीकडून कित्येक आठवडे बधिर होती, आमटीचं मीठ यांनाच चाखायला लागायचं. एमआरआय चालेल का, तेही लेखी घ्या.

यंत्र सुरू करतात साधारण दोन महिन्यांनी, जखम भरल्यावर. तोवर घरच्यांना चांगल्या कानाच्या बाजूला बसवा. सुरू झाल्यावर आधी स्वतःचंच चावणं-गिळणं ऐकू येतं. पोह्यांतला पहिला शेंगदाणा माझ्या डोक्यातच फुटल्यासारखा वाटला! घाबरू नका, हळूहळू सवय होते. जवळ वही ठेवा. नुसतं "नीट ऐकू येत नाही" म्हटलं तर ऑडिओलॉजिस्टही काय करणार? "कुकरची शिट्टी टोचते, पण नातीचं 'आजी' निसटतं," असं लिहून न्या. माझं यंत्र अशाच नोंदींवरून चार खेपांत जमलं.

बॅटरी चार्ज होत नाही. वापराप्रमाणे साडेचार ते नऊ वर्षं पुरते, मग कानामागे छोटं ऑपरेशन करून बदलतात. त्या खर्चाचं विम्यावाल्यांना आजच विचारून ठेवा, आणि रात्री झोपताना रिमोटने स्टँडबायवर टाकायला विसरू नका.