भाजलेल्या रुग्णाचे पहिले चोवीस तास: सलाइन किती आणि कसे

हे टिपण आहे बर्न्स वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांसाठी. ड्रेसिंगला दोन तास उशीर झाला तरी चालतो, श्वासमार्ग मात्र आल्याआल्या पाहावा लागतो. आग बंद खोलीत लागली होती का, आवाज घोगरा झालाय का, थुंकीत काजळी दिसते का, ते बघा. शंका आली तर भूलतज्ज्ञांना लगेच बोलवा. घशाची सूज पुढचे कित्येक तास वाढत राहते आणि आत्ता सहज जाणारी नळी नंतर जात नाही. पल्स ऑक्सिमीटरने ९८ दाखवले म्हणून निर्धास्त राहू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. १०० टक्के ऑक्सिजन सुरू करा आणि रक्तातले कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासायला पाठवा.

आता शरीराचा किती भाग भाजला, त्याची टक्केवारी. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथे असते, म्हणून घाई करू नका. कपडे आणि अंगठ्या-बांगड्या काढा, काजळी पुसा, रुग्णाला कुशीवर वळवून पाठ पाहा आणि मगच आकडा लिहा. प्रौढांना नऊचा नियम लावा: डोके व मान ९, प्रत्येक हात ९, छाती-पोट १८, पूर्ण पाठ १८, प्रत्येक पाय १८, जननेंद्रियांचा भाग १. विखुरलेल्या जखमांसाठी रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटे जुळवून, साधारण १ टक्का धरा. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी मोजायची नाही. ती धरल्यामुळेच २० टक्क्यांचे ३५ होतात. पडताळा सोपा आहे. न भाजलेला भागही वेगळा मोजा. दोन्हींची बेरीज १०० येत नसेल, तर पुन्हा मोजा. तान्ह्या बाळाचे डोके एकटेच १८ टक्के भरते आणि प्रत्येक पाय जेमतेम १४, म्हणून लहान मुलांसाठी वयानुसार टक्के देणारा लंड-ब्राउडर तक्ताच वापरा.

प्रौढांत २० टक्के आणि मुलांत १० टक्क्यांच्या पुढे शिरेतून हिशेबाने द्रव लागतो. केशवाहिन्या गळू लागतात. मोठ्या भाजण्यात तर न भाजलेल्या भागातल्याही. गळती पहिल्या ८ ते १२ तासांत सर्वाधिक असते. द्रव रिंगर लॅक्टेटच द्या, कोमट करून. नॉर्मल सलाइन लिटरच्या लिटर गेले की क्लोराइड वाढून रक्त आम्ल होते.

बॅक्स्टर आणि शायर्स यांनी डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलमधून १९६८ साली मांडलेले सूत्र म्हणजे ४ मिली × वजन (किलो) × भाजलेले टक्के. आज प्रौढांना २ मिलीने सुरुवात करण्याकडे कल आहे, आणि तो योग्य आहे. मुलांना ३, विजेच्या भाजण्यात ४. निम्मा द्रव पहिल्या ८ तासांत, उरलेला पुढच्या १६ तासांत. घड्याळ मात्र भाजल्याच्या क्षणापासून चालते, दाखल झाल्यापासून नव्हे.

उदाहरण घ्या. वजन ६० किलो, भाजले ४० टक्के, दुपारी २ वाजता. तुमच्याकडे आला ५ वाजता, वाटेत काही दिलेले नाही. २ × ६० × ४० = ४८०० मिली. त्यातले २४०० रात्री १० पर्यंत, म्हणजे ५ तासांत: ताशी ४८० मिली. नंतर ताशी १५०. वाटेत सलाइन दिले असेल तर ते वजा करा. रुग्ण सातव्या तासाला आला, तर उरलेला सगळा निम्मा हिस्सा एका तासात ओतू नका. रक्तदाब घसरलेला नसेल तर धक्क्याने दिलेला द्रव गळून सूजच वाढवतो.

इथवरचा आकडा फक्त सुरुवातीचा वेग सांगतो. पुढचे सगळे लघवी सांगते. कॅथेटर घाला आणि दर तासाला मोजा. प्रौढांत ताशी ०.५ मिली प्रतिकिलो, म्हणजे साधारण ३० ते ५० मिली. ३० किलोखालच्या मुलांत १ मिली प्रतिकिलो. कमी पडली तर वेग एक तृतीयांशापर्यंत वाढवा. जास्त झाली तर तितक्याच तत्परतेने कमी करा. हा दुसरा भाग वॉर्डात सर्रास राहून जातो: ३० मिलीच्या खाली गेली की सगळे धावतात, ९० मिली पाहून समाधान मानतात. त्यातूनच अतिद्रव साचतो. बेसिल प्रूट यांनी २००० साली त्याला ‘फ्लुइड क्रीप’ म्हटले. पोट फुगते, मूत्रपिंडे दबतात, लघवी घटते, आणि ती घटली म्हणून आणखी सलाइन लावले जाते. २४ तासांत २५० मिली प्रतिकिलोकडे वाटचाल दिसली, तर मूत्राशयातला दाब मोजा, त्यावरून पोटातला दाब कळतो. २० मिमी पाऱ्यापलीकडे गेला तर वरिष्ठांना झोपेतून उठवा. लघवी कमी म्हणून फ्युरोसेमाइड देऊ नका. मूत्रपिंड कोरडे असते आणि औषधाने वाढलेली लघवी तुमचा एकमेव विश्वासू काटा बिघडवते. रक्तातली साखर खूप वाढली असेल, तरी लघवी अशीच फसवते.

लहान मुलांना वरील द्रवाशिवाय ग्लुकोजयुक्त नेहमीचा द्रव वेगळा चालू ठेवा, नाहीतर साखर घसरते. विजेच्या रुग्णात कातडीवरची जखम लहान आणि आतला स्नायू जळालेला असतो. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर ती निवळेपर्यंत प्रौढांत ताशी ७५ ते १०० मिली लक्ष्य ठेवा. ईसीजी विसरू नका.

हात किंवा पाय सभोवार खोल भाजला असेल, तर सलाइन जसे आत जाते तशी सूज वाढते, आणि चामड्यासारखी टणक कातडी ताणली जात नाही. हात-पाय उंच ठेवा, दर तासाला बोटांची ऊब आणि डॉप्लरवर नाडी पाहा. डॉप्लरचा आवाज मंदावला तर एस्कारोटॉमी, म्हणजे त्या टणक कातडीला चीर: आतल्या आणि बाहेरच्या मध्यरेषेवर, चरबी दिसेपर्यंतच, निरोगी कातडीला टेकेपर्यंत. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर आणि गुडघ्याखाली बाहेरून पेरोनियल मज्जातंतू सांभाळा.

आठ-बारा तासांनंतरही द्रवाची गरज चढतीच राहिली तर अल्ब्युमिनचा (रक्तातल्या प्रथिनाचा) विचार होतो. ते नेमके केव्हा सुरू करावे यावर अजून मतभेद आहेत. या क्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घ्यावा. त्यासाठी लागणारे साहित्य तुमच्याच तक्त्यात असते: प्रत्येक तासाचा वेग, लघवी, नाडी, रक्तदाब आणि वेग का बदलला याची एक ओळ.