घरच्या म्युझिक सर्व्हरवर ट्रान्सकोडिंग सुरू करण्याआधी

ट्रान्सकोडिंग म्हणजे गाणं पाठवता पाठवताच सर्व्हरने ते दुसऱ्या, लहान प्रकारात बदलणं. सेटिंगचं पान उघडण्याआधी संग्रहात काय काय आहे ते नीट पाहून घ्या. सीडीवरून उतरवलेल्या फ्लॅक (काहीही न गमावता दाबलेल्या) फाइली किती, २४ बिटच्या किती, आणि मुळातच एमपीथ्री असलेल्या किती? ट्रान्सकोडिंगचा खरा फायदा पहिल्या दोन गटांना. सीडीचा आवाज न दाबता ठेवला तर सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, फ्लॅकमध्ये ते बहुधा ७०० ते १००० वर येतात, आणि २४ बिट ९६ किलोहर्ट्झची फाइल सहज २००० च्या पुढे जाते. घरातल्या वायफायला हे मुळीच जड नाही. बाहेर मात्र सगळा भार घरच्या अपलोडच्या वेगावर आणि मोबाइल डेटावर येतो. एमपीथ्री शक्यतो आहे तशीच जाऊ द्या. एकदा दाबलेल्या फाइलमधून जे गेलं ते परत येत नाही, आणि दुसऱ्यांदा दाबलं की आणखी जातं. त्यातून वाचणारा डेटा त्या मोलाचा नाही. सर्व्हर किंवा ॲप फाइलच्या प्रकारानुसार असा भेद करू देतं का, ते आत्ताच बघून ठेवा.

मग ऐकणाऱ्या उपकरणांची नोंद करा: कोणतं घरात, कोणतं प्रवासात, आणि कोणाला काय वाजवता येतं. माझा कौल ओपसला. २०१२ मध्ये मानक म्हणून जाहीर झालेला हा कोडेक (आवाज दाबण्याची पद्धत) १२८ किलोबिटला इतका चांगला वाजतो की बहुतेकांना मूळ फाइलशी फरक ओळखता येत नाही. हिशोब करा: १२८ ने तासाला सुमारे ५८ एमबी, तर ९०० किलोबिटच्या फ्लॅकने सुमारे ४०५. नेटवर्क फारच तुटकं असेल तर ९६ सुद्धा चालेल. जुने आयफोन, जुनं सफारी किंवा गाडीतला जुना प्लेअर ओपस घेत नसेल, तर तेवढ्यापुरता एमपीथ्री ठेवा आणि तिथे १९२ च्या खाली जाऊ नका.

ओपसच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि सलग अल्बम ऐकणाऱ्यासाठी ते मला सगळ्यात मोठं वाटतं. एमपीथ्रीचा एन्कोडर, म्हणजे ती फाइल बनवणारा प्रोग्रॅम, ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. ती किती भरली याची नोंद फाइलच्या आरंभी असली तरच प्लेअर ती वगळू शकतो. ट्रान्सकोडिंगमध्ये मात्र फाइल तयार होता होताच पुढे वाहत असते, त्यामुळे काम संपल्यावर मागे जाऊन पूर्ण नोंद लिहायची सोय नसते. परिणामी मैफलीच्या ध्वनिमुद्रणात टाळ्या एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना मध्येच तुटतात. ओपसमध्ये सुरुवातीचं किती सोडायचं हे हेडरमध्येच असतं आणि शेवट कुठे हे शेवटच्या भागात कळतं, म्हणून वाहत्या प्रवाहातही जोड साधतो. ॲपलाही अखंड वाजवता यायला हवं, हे वेगळं तपासा.

नॅव्हिड्रोमसारखा म्युझिक सर्व्हर ट्रान्सकोडिंग स्वतः करत नाही, एफएफएमपेग या फाइलींचे प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमकडून करून घेतो. सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम तयार पेटीसारखा चालवणाऱ्या साधनात) चालवत असाल, तर त्याच्या अधिकृत इमेजमध्ये ते आलेलं असतं. सर्व्हर थेट बसवला असेल तर वेगळं बसवा. एफएफएमपेगच्या एन्कोडरच्या यादीत लिबओपस (ओपसचा मूळ एन्कोडर) दिसतो का पाहा, कारण त्याचा स्वतःचा ओपस एन्कोडर अजून प्रायोगिक आहे. सर्व्हर ज्या युजरखाली चालतो त्याच युजरने एक फ्लॅक हाताने बदलून बघा, म्हणजे परवानग्यांची अडचणही तिथेच उघड होईल. काम चालू असताना दिसणारा वेग वाजण्याच्या वेगाच्या अनेक पट असायला हवा. लहानशा बोर्ड संगणकालाही हे जमतं. ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागू नका, ती गरज व्हिडिओची.

एमपीथ्री, ओपस आणि एएसीची तयार प्रोफाइल (बदलाच्या आज्ञा) नॅव्हिड्रोममध्ये असतात आणि बहुतेकांना ती पुरतात. ती बदलण्याचा पडदा मुद्दाम बंद ठेवलेला असतो, कारण तिथे लिहिलेली आज्ञा थेट सर्व्हरवर चालते. उघडलात तर काम होताच पुन्हा बंद करा, हे विसरू नका. प्रत्येक उपकरण एकदा जोडलं गेलं की प्लेअरच्या यादीत येतं आणि त्याला स्वतंत्र प्रकार व कमाल बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट) देता येतो. ॲपमध्येही अशीच सोय असेल तर मी ॲपलाच पसंती देईन, कारण आपण वायफायवर आहोत की मोबाइल डेटावर हे त्यालाच माहीत असतं. दोन्हीकडे मर्यादा घालून ठेवू नका, नंतर कोणाचं चाललं ते शोधत बसावं लागतं.

कॅशेकडे, म्हणजे बदललेली गाणी पुन्हा वापरण्यासाठी साठवण्याच्या जागेकडे, लक्ष द्या. नॅव्हिड्रोमची मूळ मर्यादा १०० एमबी, म्हणजे १२८ किलोबिटची जेमतेम पावणेदोन तासांची गाणी. जागा असेल तर ती एकदोन जीबी करा, मेमरी कार्डाऐवजी एसएसडीवर ठेवा आणि बॅकअपमधून वगळा.

सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (बाहेरची मागणी सर्व्हरकडे पोचवणारा मधला प्रोग्रॅम) असेल तर स्ट्रीमच्या मार्गावर बफरिंग, म्हणजे साठवून मग पुढे देणं, बंद करा.

आता चाचणी. फोनचं वायफाय बंद करून एक फ्लॅक लावा आणि सर्व्हरवर एफएफएमपेगची प्रक्रिया सुरू झाली का ते पाहा. गाण्याच्या मध्यावर उडी मारा. फाइल अजून तयार होत असल्याने काही ॲप इथे अडतात. सलग दोन ट्रॅकमधला जोड ऐका. पूर्ण झालेलं गाणं पुन्हा लावा. कॅशे नीट असेल तर एफएफएमपेग दुसऱ्यांदा उठणार नाही. मग वायफाय सुरू करून अजून न वाजवलेला फ्लॅक लावा. एफएफएमपेग इथेही धावलं, तर ॲपमध्ये वायफायसाठी मूळ फाइल निवडायची राहिली आहे.