अ‍ॅम्बॅसेडरला इलेक्ट्रिक फॅन बसवला: माझा अनुभव

मोकळ्या रस्त्यावर टेम्परेचरचा काटा जागेवर, ट्रॅफिकमध्ये अडकलं की चढायला सुरुवात. रेडिएटर नुकताच रॉडिंग करून (आतल्या नळ्या सळईने साफ करून) घेतलेला, थर्मोस्टॅट नवा. म्हणजे हवाच कमी पडत होती.

मेकॅनिककाका म्हणाले, क्लच फॅन लावू. वस्तू छानच: समोरची बायमेटल स्प्रिंग तापली की आत सिलिकॉन तेल शिरतं आणि पंखा पकड घेतो, वायरिंगची भानगड नाही. पण फिरतो इंजिनच्या जोरावरच, त्यामुळे आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) हवा बेताचीच. शिवाय वॉटर पंप आणि रेडिएटरमध्ये तेवढी जागाही नव्हती.

इलेक्ट्रिक ठरला, पण आधी वीज बनवणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर लावला. हे टाळू नकाच! डायनॅमो जेमतेम 22 अँपिअरचा, आयडलला जवळपास काहीच देत नाही, आणि पंखा नेमका तेव्हाच दहाएक अँपिअर मागतो.

रिले (पंख्याचा मोठा करंट झेलणारा स्विच), फ्यूज, थर्मो स्विच (तापल्यावर पंखा चालू करणारा) जोडून पंखा सुरू केला आणि रेडिएटरपुढे वर्तमानपत्राचा कागद धरला. तो जाळीला घट्ट चिकटला, म्हणजे हवा आत ओढली जातेय. उडाला, तर वायरी उलट्या आहेत. श्राऊडही (पंखा आणि रेडिएटरमधली पोकळी झाकणारं आवरण) बसवून घ्या, नाहीतर पंख्यासमोरच्या गोलापुरतीच हवा खेचली जाते.